मावशीचा खाडा

आमच्या दुकानात मशीनखाली चिंध्या साठतात, तसे मावशीचे किस्से साठलेत. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच. मी, सुनीता आणि रत्ना, तिघी राजारामपुरीत ब्लाऊज शिवतो. राहायला शहराबाहेर गडमुडशिंगीत. पोरं तिथंच, मंगलमावशीच्या घरी सांभाळायला. दुपारी डबा उघडला की कुणीतरी विषय काढतंच. हसायचं, आणि हसता हसता घड्याळ बघायचं. निदान मी तरी बघते. पोर दुसऱ्याच्या घरात असलं की माझी शिलाई सरळ येत नाही.

भांडणाचं मूळ एकच, खाडा. म्हणजे सुट्टी पडली की त्या दिवसाचे पैसे कापायचे. मावशीचा हिशेब वेगळा. आम्ही पोर पाठवलं नाही तर तो खाडा नाही. आणि सणाला तिनं सुट्टी घेतली तर तोही खाडा नाही.

*

चौदा एप्रिलला मावशी पोरं घेत नाही. पांढरी साडी नेसून जयंतीच्या मिरवणुकीला जाते. एका वर्षी सुनीतानं त्या दिवसाचे पैसे कापले आणि वर म्हणाली, "तुमचं घर बंद हुतं न्हवं, मावशी."

मावशी शांतपणे म्हणाली, "व्हय? मग त्या दिवशी माझ्या घरी खिरीला सगळ्यात आधी ताट घेऊन कोण बसलेलं?"

"मीच की."

"मग बंद कुठं हुतं?"

*

रत्नाची सासू कोडोलीची. उन्हाळ्यात नातवाला महिनाभर घेऊन गेली. जाताना मावशीला बजावलं, "पोरगंच न्हाई, तर पैसं कशाचं?"

मावशी म्हणाली, "आत्याबाई, एसटीत खिडकीतनं रुमाल टाकला की शीट कुणाची?"

"ज्यानं टाकला त्याची."

"तुमच्या नातवाचा पाळणा मी महिनाभर कुणाला दिला न्हाई. त्यो रुमालच समजा."

सासू रत्नाला म्हणाली, "देऊन टाक गं, लई बोलती बाई."

*

दिवाळीत शेठनी दुकान बंद ठेवलं आणि आमचे ते दिवस कापले. आम्ही तिघी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिलो. सुनीता ठणकावून म्हणाली, "दुकान तुम्ही बंद ठेवलं, आम्ही न्हाई. आमचा खाडा कसा?"

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. "बरोबर हाय की. मग तुम्ही त्या मावशीला दिवाळीचं देता न्हवं?"

रत्नाची मशीन सुरू झाली. मग सुनीताची. मग माझी.

*

आता माझं. जूनपासून स्वराला बालवाडीत घालायचं ठरलं. म्हणजे मावशीचं बंद. मे महिन्यात मावशी बहिणीकडं गेली होती, आठवडाभर. नवरा म्हणाला, "बंदच करायचं हाय, तर त्या आठवड्याचं द्यायचं न्हाई."

मी म्हटलं, "अजून चार दिवस पोर तिच्याकडं जाणार हाय. आत्ता नको बोलायला."

तो बोललाच. मावशी एवढंच म्हणाली, "मी सात वर्सं असंच घेत आलो. पर तुमची मर्जी."

ते चार दिवस मी नुसतं घड्याळ बघितलं. रोज आंघोळ घालताना पोरीच्या अंगावरून हात फिरवून बघायचे. रोज विचारायचे, "मावशी रागावली का? जेवायला दिलं का?"

शेवटी स्वराच वैतागली. "मम्मी, मावशीला पण तू असंच विचारतीस का, जेवली का म्हणून?"

पैसे दिले नाहीत. नवऱ्यानं नाही, आणि मीही नाही.

*

बालवाडीचा पहिला दिवस. बाराला नवऱ्यानं तिला आणायचं ठरलेलं. मला मात्र काही सुधरेना. दोन बाह्या उलट्या जोडल्या. शेठ म्हणाले, "जा बाई, तू जा. कापड तरी वाचंल."

बसमधून उतरून पळत गेले, तर बालवाडीला कुलूप. पहिल्या दिवशी तासाभरात सोडतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. नवऱ्याचा फोन लागेना. शेजारच्या किराणा दुकानात विचारलं. दुकानदारीणबाई म्हणाली, "सगळी पोरं गेली की. एक तेवढी रडत बसलेली, वाटेनं जाणारी एक म्हातारी घेऊन गेली. पोरगी तिच्या गळ्यातच पडली, म्हणून बालवाडीच्या बाईंनी सोडली."

पायातली चप्पल तुटली. तशीच पळाले.

मावशीचं दार उघडं होतं. स्वरा तिच्या मांडीवर झोपलेली, तोंडाला भात लागलेला. मला बघून मावशीनं ओठावर बोट ठेवलं.

मी उंबऱ्यातच बसले. दम लागलेला. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"मावशी, आजचं... किती द्यायचं?"

मावशीनं पदरानं पोरीच्या तोंडाचा भात पुसला.

"आज माझी सुट्टी हाय."