कै. कॅप्टन वेरेल, मुक्काम मंठा

कॅप्टन वेरेल वारले तेव्हा आमच्या घरी कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

कॅप्टन वेरेल आमचे कोणी नव्हते. ते कोणाचेच कोणी नव्हते, कारण ते एका परदेशी मालिकेतल्या अंतराळयानाचे कप्तान होते. पण चार वर्षांत मी त्यांच्यासोबत तीन ग्रह, एक कृष्णविवर आणि इंजिनिअरिंगची आठही सेमिस्टर पार केली होती. मंठ्यात ही मालिका बघणारी मी एकटीच. (हे मी कोणाला विचारलेलं नाही. मी कोणाला काही विचारतच नाही.)

मी स्कूटीवर निघताना तोंडाला स्कार्फ गुंडाळते. बाकीच्या मुली उन्हासाठी बांधतात, मी ओळखीच्या लोकांसाठी बांधते. लग्नात फोटोग्राफर आमच्या रांगेकडे वळला की मला तहान लागते. आमच्या घराण्यात सगळ्यात जास्त पाणी मीच पिते. मंठ्यातल्या कोणीही आपल्याला तोंडावरून ओळखू नये, एवढं एकच मागणं मी आयुष्याकडे मागितलं होतं.

तर, शेवटचा भाग शुक्रवारी दुपारी आला. यानाला आग लागली. इंजिनाच्या खोलीचं दार आतूनच बंद करावं लागणार होतं. कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांना बाहेर ढकललं, दार ओढलं आणि ते काचेतून एकदाच हसले. पडदा काळा झाला. माझ्या तोंडून एक आवाज निघाला. तो आवाज माझ्याकडे आहे हे मलाही माहीत नव्हतं.

आई हातात पळी घेऊन धावत आली. मी चटकन टीव्ही बंद केला.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"मंग रडून कामून राह्यली?"

"नाही रडत."

नाकाचं टोक लाल, हातात ओढणीचा ओला बोळा, समोर काळाठिक्कर टीव्ही. आईने माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं आणि काही न बोलता जाऊन गॅस बंद केला. आमच्या घरात आई काही न बोलता गेली की समजावं, बोलण्याची तयारी चालू आहे.

मी खोलीत जाऊन स्टेटस ठेवलं. निळ्या गणवेशातल्या कॅप्टनचा फोटो, मागे पेटलेलं यान आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली, कॅप्टन वेरेल. तुम्ही आमच्यासाठी गेलात.' इंग्रजीत जगभरचे लोक तेच तेच लिहीत होते. मराठीत लिहिलं की दुःख जरा घरचं वाटतं. माझं स्टेटस कॉलेजच्या चार मैत्रिणींनाच दिसतं, बाकी सगळ्या नातेवाइकांपासून मी ते लपवून ठेवलेलं आहे. फक्त दिलीपकाकांनी त्याच आठवड्यात नवा नंबर घेतला होता. तो सेव्ह केला होता. लपवायचा राहिला होता.

दिलीपकाका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. चौकात पप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान, आणि त्याला लागून काकांचं फ्लेक्स छापायचं. मंठ्यात माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला, पडला किंवा गेला, की काका त्याचा फ्लेक्स करतात. त्यातही दुःख घरातलं असलं तर ते चौकशी करत बसत नाहीत. थेट छापायला घेतात.

अर्ध्या तासाने आई आली. पलंगावर बसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तिथेच धोका कळायला हवा होता.

"दिलीपभाऊजींचा फोन आल्ता," ती म्हणाली. "कोण व्हता तो?"

"कोण?"

"फोटोतला. दिसायला बरा व्हता बिचारा. कधीपासून वळख व्हती?"

"चार वर्षं," मी म्हणाले. (खरं बोलायची सवय वाईट.)

आईने डोळे मिटून घेतले. "चार वर्षं! आन् मला एक शब्द न्हाई. वेरेल म्हंजी आडनाव का? आपल्यातला न्हवता ना?"

"आई, तो खरा नाहीये."

"मेल्या माणसाला खोटं म्हणू नये, माय."

"अगं, म्हणजे तो नव्हताच!"

"असंच वाटतं पहिल्या दिवशी," आई म्हणाली. "माझे बाबा गेल्ते तवा मलाबी असंच वाटलं व्हतं." आणि ती रडायला लागली. आता तिला थांबवायला मी तिला जवळ घेतलं, तर तिला वाटलं मला पुन्हा भरून आलंय. आम्ही दोघी दहा मिनिटं एकमेकींचं सांत्वन करत होतो. तेवढ्यात माझ्या फोनवर काकांनी पाठवलेला एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'लावला चौकात. काळजी करू नको पोरी. आम्ही हाओत.'

मी स्कार्फ बांधला आणि स्कूटी काढली. कधी नव्हे ते पन्नासच्या पुढे नेली.

पप्पांच्या दुकानावर दहा फुटी फ्लेक्स झळकत होता. मधोमध कॅप्टन वेरेल, गळ्यात झेंडूचा हार, दोन बाजूंना दोन समया. मागचं धगधगतं यान काकांनी काढून टाकलं होतं आणि तिथे ढग घातले होते. वर 'कै. कॅप्टन वेरेल साहेब', खाली 'शोकाकुल: समस्त मित्रमंडळ, मंठा' आणि त्याखाली फोटोंची ओळ: गॉगल लावलेले काका, पप्पा, बाजार समितीतले दोघे आणि शेवटी स्कूटीवर बसलेली, स्कार्फ बांधलेली मी. माझा दुसरा फोटो कोणाकडेच नव्हता.

फ्लेक्सखाली खुर्चीवर पप्पा बसले होते आणि माणसं येऊन त्यांचा हात हातात घेत होती. कोण वारलं ते पप्पांनाही माहीत नव्हतं. पण भावाने फ्लेक्स लावलाय, त्यावर आपला फोटो आहे आणि आता 'हे कोण' विचारायचं म्हणजे बरं दिसत नाही, असा त्यांनी हिशोब केला होता.

"वय काय व्हतं हो?" एकाने विचारलं.

"तरुणच," पप्पा म्हणाले.

"आजारी व्हते का?"

"न्हाई. अचानकच." पप्पांनी फ्लेक्सकडे चोरून पाहिलं. "ड्युटीवर."

समोरच्या कापड दुकानाचे झंवर शेठ यांनी आदर म्हणून शटर अर्धं खाली ओढलं होतं. त्यांचं पाहून शेजारच्या दोघांनीही ओढलं. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, अर्धा चौक अर्धा बंद! आणि हे सगळं थांबवायला एकच माणूस होता, ज्याने आजवर या चौकात 'पार्किंग कुठे करू' एवढंही विचारलं नव्हतं.

"पप्पा," मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी स्कार्फच्या आतूनच ओरडले. "पप्पा, तो टीव्हीतला आहे!"

चौकातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मतलब अ‍ॅक्टर गेला?" झंवर शेठनी विचारलं.

"नाही शेठ. अ‍ॅक्टर जिवंत आहे."

"मंग गेलं कोण?"

"तो जे काम करतो ना मालिकेत, तो माणूस."

शेठनी मागे वळून शटर सरसर वर केलं. पप्पांनी कोणाच्या तरी हातातला आपला हात हळूच काढून घेतला. दिलीपकाका फ्लेक्सकडे बघत म्हणाले, "तरी म्हणलं, हा ड्रेस आपल्याकडं कोणत्या खात्याचा."

मी निघणार, इतक्यात सोयाबीनचं बी न्यायला आलेले एक आजोबा पोत्यावर टेकले आणि म्हणाले, "पर बाई, मेला कसा त्यो?"

आता काय सांगायचं? मी सांगितलं. यान, आग, दार, यानातले तीनशे लोक. दोन वाक्यांत उरकणार होते, पण चार वर्षं हे ऐकायला मला कोणी मिळालंच नव्हतं. मी हातवारे केले. मी पोत्यावर चढून कृष्णविवर दाखवलं. लोक जवळ सरकले.

"दार आतून लावायची काय गरज व्हती?" आजोबा म्हणाले. "कडीला दोर बांधायचा अन् बाहेरून वढायचं."

"दोर जळंल ना बाबा," पप्पा म्हणाले.

"मंग साखळी बांधायची."

"साखळी बराबर आहे," झंवर शेठ म्हणाले. ते दुकान सोडून कधी आले होते कळलं नाही.

"आन् शेवटी काचेतून हसला म्हणता?" काकांनी गॉगल काढून डोळे पुसले. "फ्लेक्स राहू द्या. बिलकुल काढायचा न्हाई. माणूस चांगला व्हता."

तेवढ्यात माझा फोन वाजला. कॉलेजची रिद्धी होती. "स्टेटस काय ठेवलंयस? नावं संपल्यानंतरचं बघितलं नाहीस का तू?"

बघितलं नव्हतं. आईची पळी दिसताच मी टीव्ही बंद केला होता. मी फोनवर शेवटचा भाग लावला आणि पुढे सरकवला. माझ्या खांद्यांवरून सगळा चौक वाकला. काळ्या पडद्यावरून नावं गेली. मग राख दिसली, आणि राखेत एक बोट हललं.

"जिता आहे!" आजोबा ओरडले. कोणीतरी शिट्टी मारली. झंवर शेठनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. पप्पा मला म्हणाले, "आईला फोन कर पहिले. ती तुझ्यासाठी देव पाण्यात घालून बसली असंल." दिलीपकाका मात्र कुठे दिसेनात, आणि त्यांच्या दुकानातून मशीनचा आवाज येत होता.

संध्याकाळी नवा फ्लेक्स लागला. 'मृत्यूवर मात केल्याबद्दल कॅप्टन वेरेल साहेब यांचे हार्दिक अभिनंदन!' समया जाऊन फटाके आले होते. शुभेच्छुकांमध्ये आता झंवर शेठ आणि आजोबाही होते, आणि माझा तोच स्कार्फवाला फोटो काकांनी मोठा करून कॅप्टनच्या शेजारी बसवला होता.

तेव्हापासून मी स्कार्फ बांधून चौकातून निघाले की चारही बाजूंनी हाक येते, "कॅप्टनवाल्या ताई, पुढचं कधी येऊन राह्यलं?" शेवटी एक दिवस वैतागून मी स्कार्फ घरी ठेवला आणि तशीच निघाले. कोणीही ओळखलं नाही. झंवर शेठनी तर विचारलं, "नवीन आलात का मंठ्यात?"

मी हो म्हणाले.