कुंदनच्या गिटारची झणझण

भुसावळच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला प्रेमराज म्हणजे आवाजाचा वैरी. काही वाजलं की त्यात खोट आहे, हा त्याचा एकच वेद. घरचा पंखा असो की शेजाऱ्याचा कूलर, जरा कुरकुरला की हा पाना घेऊन हजर, कुणी बोलवो न बोलवो. एका वस्तूला मात्र त्याला कधी हात लावायला मिळाला नाही, ती मुलाची, कुंदनची, इलेक्ट्रिक गिटार. तिची जाड तार झणझणायची. बाप खेकसायचा, "घट्ट कर रे ते." पोरगा हसायचा आणि आणखी जोरात वाजवायचा.

मागच्या पावसाळ्यात कुंदन मोटारसायकलच्या अपघातात गेला. प्रेमराजला ना रडू आलं ना राग. ताट समोर आलं की जेवायचा. भाजी अळणी की खारट, कळायचं नाही. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला, आतून पार बधिर झाला होता.

आता कुंदन गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पोराच्या नावाने घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. बायकोने, कुंदाबाईने, एवढंच सांगितलं की घागरीजवळ गिटार ठेवू, पण वाजती हवी. पोराचं वाद्य मुकं नको. प्रेमराज बरं म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणे.

कूलरच्या ओलीने गिटारची मान वाकली होती, तारा गंजल्या होत्या. त्याने जळगावहून नव्या तारा आणल्या, मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि ओट्यावर बसला. मानेतला लोखंडी रॉड चावीने जरा जरा फिरवला, मान सरळ केली. तारेखालची फट शेडमधल्या मापाच्या पत्तीने मोजली, स्क्रू फिरवून तारा वर उचलल्या. हात चोख चालत होते. घरात काय झालंय हे त्या हातांना जणू कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी आवाज मोठा करणारा डबा जोडून त्याने जाड तार छेडली. आवाज स्वच्छ, झणझण औषधालाही नाही.

आत कणीक मळणारी कुंदाबाई थांबली. ती दारात आली.

"हाऊ आपला कुंदनना आवाज नही शे," ती म्हणाली.

प्रेमराजने जन्मभर खोट काढली, आणि त्याच सवयीने पोराचा उरलासुरला आवाजही पुसून टाकला होता. हे त्याला कळलं, तरी आत काही हललं नाही. त्याने तोच स्क्रू उलटा फिरवला. तार छेडली, स्वच्छ. आणखी फिरवला, स्वच्छच. आणखी थोडा, आणि तार पट्टीला घासून झणझणली.

"हां, आते शे," कुंदाबाई म्हणाली आणि पिठाच्या हातांनीच खाली बसली.

त्याने पुन्हा तार छेडली. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "घट्ट कर रे ते."

कुणी हसलं नाही. मग मात्र प्रेमराज रडला.