शर्यतवाल्याची दुसरी गाडी

निजामाच्या अमलात पाटोद्याच्या बाजारात मी बैलगाड्या विकायचो. एकदा शर्यतीचा हलका छकडा उडवत एक तरणा माणूस दुसरी गाडी घ्यायला आला. प्रत्येक गाडीत तो उताणा झोपायचा, डोळे मिटायचा आणि मला ती दगडांवरून हाकायला लावायचा.

"असं कावून?" मी विचारलं.

"बाळंतपणात बायकोची कंबर गेली. तिला बसता येत न्हाई. नारायणगडाच्या जत्रेला न्यायचंय."

"मग छकडा इकून टाका की."

"न्हाई. म्या पळवतो तवा दारातल्या बाजेवरून बघून ती लई हसती."

त्यानं सगळ्यात संथ, जड गाडी घेतली.

पुढं जत्रेच्या वाटेवर तो दिसला. गाडीत बायको कडब्यावर पडून आभाळ बघत होती. मागच्या साऱ्या गाड्या पुढं जात होत्या आणि तो हसून त्यांना वाट देत होता.