वनिताईच्या डोक्यावरची मशीन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, अंधश्रद्धेविरुद्धच्या आमच्या संघटनेतल्या मित्रांना नाही, त्या गटाला तर मुळीच नाही. तुझी-माझी ओळख नाही, म्हणून तुला सांगतो. माझी पत्रकं तुझ्या हाती पडली असती तर हे तुला खोटं वाटलं असतं — एवढी चांगली पत्रकं लिहितो मी.

पांढुर्ण्यात कुणालाही विचार. गोटमारीविरुद्ध, म्हणजे आमच्या पोळ्याच्या दगडफेकीविरुद्ध लिहिलं, भगत-बाबांविरुद्ध लिहिलं, नागपूरच्या मोठमोठ्या दवाखान्यांविरुद्ध लिहिलं. छोटी वाक्यं, मोठी अक्षरं, शेवटी प्रश्नचिन्ह. मला राग पटकन येतो, आणि राग आला की फार बरं वाटतं. आपण बरोबर बाजूला आहोत असं वाटलं की माणूस स्वतःकडे बघायचं सोडून देतो. मी तर कधी बघितलंच नव्हतं.

इंटरनेटवर एक गट आहे. कुणीही यावं असा, उघडा. डोक्याला बाहेरून अगदी बारीक वीज दिली की लक्ष लागतं, पाठ केलेलं राहतं, उदास मन हलकं होतं — असं त्यांचं म्हणणं. त्याची मशीन घरच्या घरी बनवणारी ही जगभरची माणसं. कुणी मेकॅनिक, कुणी शिक्षक, कुणी रिकामा. मालक कुणी नाही. मशीनचा नकाशा सगळ्यांना फुकट. बनवा, सुधारा, सुधारलेलं परत सगळ्यांना द्या. मी वाचलं आणि पेटलो. दवाखान्यात कुलूप लावून ठेवलेली गोष्ट लोकांच्या हातात! त्याच दिवशी पत्रक लिहून काढलं — मेंदू आपला, वीज आपली, मग हुकूम कुणाचा?

त्या गटात नियम दोनच, पण कडक. नवीन मशीन आधी स्वतःच्या डोक्यावर लावायची, दुसऱ्याच्या नाही. आणि रोज नोंद लिहायची, त्यात वाईट ते आधी. चटका, चक्कर, डोकेदुखी, सगळं. कारण तुमची नोंद वाचून कुठेतरी दुसरा माणूस तेच करणार असतो.

मी मशीन बनवली. नऊ व्होल्टची बॅटरी, प्लॅस्टिकचा डबा, दोन रबरी पट्ट्या, पट्ट्यांखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज. वीज हद्दीत ठेवणारा एक छोटा भाग मागवला होता, तो आलाच नाही. मी जुन्या रेडिओतलं काहीतरी काढून त्याच्या जागी लावलं. मग आरशासमोर बसलो. पट्ट्या कपाळाला बांधल्या, बटणावर बोट ठेवलं — आणि ते बोट खाली गेलंच नाही. किती वेळ बसलो असेन? स्पंजातलं पाणी नाकावरून ओघळून शर्टात गेलं, एवढा वेळ. ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं दगडांसमोर छाती काढून उभी राहतात, त्या गावातला मी, त्या पोरांना मूर्ख म्हणणारा मी, एका चौकोनी बॅटरीला भ्यालो.

पट्ट्या सोडल्या. नोंद लिहिली — पहिली बैठक झाली, हलक्या मुंग्या, बाकी त्रास नाही.

इथेच थांबलो असतो तर? तर ही नुसती हसण्यासारखी गोष्ट झाली असती. पण गटातल्या लोकांनी शाबासकी दिली. पुढची नोंद कधी, विचारू लागले. आणि मला डोकं हवं होतं. माझं सोडून कुणाचंही.

वनिताई माझ्या आत्याची मुलगी. सौंसरला राहते. खासगी शाळेत शिकवायची, लग्न केलं नाही, आणि सरकारी प्राथमिक शिक्षकाच्या परीक्षेला — आमच्याकडे तिला वर्ग तीन म्हणतात — बसत राहिली होती. वयाच्या अटीमुळे ती तिची शेवटची खेप होती. आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून पेपर हिंदीतून. ती उत्तरं हिंदीत पाठ करायची आणि गणितं ओठातल्या ओठात मराठीत मोजायची. तोंडी हिशेब असा की किराणावाला तिच्यासमोर कॅल्क्युलेटर काढत नसे. एखाद्या गुणाने राहून जायची, दर वेळी. मी तिला म्हटलं, तुझ्या दिमागात काही कमी नाही, फक्त लक्ष लागत नाही. माझ्याकडे इलाज आहे, मी स्वतः रोज वापरतो.

तिने विचारलंसुद्धा नाही की खरं का. मीच सांगत होतो ना. खोट्याविरुद्ध पत्रकं वाटणारा.

दुपारी आत्या आणि प्रमोददादा — वनिताईचा भाऊ — संत्र्याच्या बगीच्यात असायचे. शाळा सकाळची. मी पांढुर्ण्याहून बसने यायचो. आत्या ओरडेल म्हणून कुणाला सांगू नको, असं मीच तिला बजावलं होतं. ती अभ्यासाच्या टेबलाशी बसायची, मी पट्ट्या बांधायचो. सौंसरच्या उन्हाळ्यात स्पंज बघता बघता कोरडा पडतो आणि कोरडा पडला की कातडी जळते. दर थोड्या वेळाने त्यावर पाणी सोडायचं, हे गटाने शंभरदा सांगितलेलं. मी कूलरसमोर बसून मोबाइलवर नोंद लिहीत असायचो. तिची बैठक संपायच्या आत लिहून टाकायचो — आज छान, मन प्रसन्न, पाठांतर सुधारतंय. माझं मन, माझं पाठांतर.

"पंकू, लय चावून राहिलं रे हे."

"चावू दे. चावते म्हणजे काम करून राहिली मशीन."

"तुले बी असंच चावते?"

"मले सवय झाली आता. अन् एवढ्याशा चटक्याले तू भेऊन राहिली, तर पोरायले काय शिकवशीन?"

ती हसली. माझं बोलणं तिला लागलं की ती हसायची. मी वेळ वाढवत नेला, कारण लांब बैठकीच्या नोंदीला गटात जास्त वाहवा मिळायची.

डाव्या भुवईवर तपकिरी डाग उठला. ती पावडर लावू लागली. मग झोप गेली. डोळे मिटले की वीज चमकल्यासारखं होतं, म्हणाली. एकच ओळ आठ-आठदा वाचायची. एक दिवस वर्गात फळ्यासमोर उभी होती आणि तेराचा पाढा मध्येच तुटला, पोरं हसली. मला सांगताना आधी तीही हसत होती, मग रडायला लागली. मी काय केलं? मी म्हणालो, तेराचाच ना, एकोणतीसचा तर नाही.

त्याच आठवड्यात गटातल्या एका दूरदेशीच्या माणसाने मला विचारलं — तुमच्याप्रमाणे पट्ट्या लावल्या, कपाळावर डाग पडला, तुम्हालाही पडला का? मी लिहिलं, नाही, तुमच्या पाण्यात मीठ जास्त झालं असेल. हे लिहीत होतो तेव्हा वनिताई हाताच्या अंतरावर बसून डागाला खोबरेल लावत होती.

परीक्षेच्या आधी तिने विचारलं, बंद करू का? मी म्हणालो, कर. मग आयुष्यभर खासगी शाळेत खडू झिजव, तेवढीच तुझी लायकी आहे. तिने बंद नाही केली.

छिंदवाड्याला सेंटर होतं. प्रमोददादा तिला घेऊन गेला. ती वेळेच्या कितीतरी आधी बाहेर आली आणि फाटकाशी खाली बसली. स्क्रीनवरची अक्षरं हलत होती म्हणे.

मला फोन आला तेव्हा पहिलं काम काय केलं असेल मी? मशीन उघडली, तारा ओढून काढल्या आणि सगळा डबा जाम नदीच्या पुलावरून खाली टाकला. तिला कसं आहे, हे नंतर विचारलं.

दुसऱ्या दिवशी सौंसरला सगळे बसले होते. आत्या, प्रमोददादा, माझे बाबा. वनिताईने सगळं सांगितलं. नीट, क्रमाने सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं. पट्ट्या, स्पंज, बटण. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — आता इथे मी फिरून फिरून येतो आहे, हे कळतंय मला — मी म्हणालो, "कोणती मशीन?"

आत्याने तिचे केस बाजूला केले. "मंग हा डाग कायचा हाय रे पंकज?"

मी म्हणालो, "तिनंच लावून घेतला असन."

एवढंच. एका श्वासात. कुणी शिकवलं नव्हतं, आधी ठरवलं नव्हतं, आपोआप तोंडात आलं. इतकी वर्षं अशा बायकांच्या बाजूने लिहून लिहून मला नेमकं माहीत होतं, बाईला खोटं पाडायला कोणतं वाक्य लागतं. त्या खोलीत त्यानंतर तिचा एकही शब्द कुणी शब्द म्हणून ऐकला नाही. आत्या रडू लागली. प्रमोददादा म्हणाला, हिच्या अंगात काहीतरी हाय. वनिताई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. वर्गातल्या हुशार पोराने सोपं गणित चुकवल्यावर बघावं, तसं.

तिला एका बाबाकडे नेलं. गावाचं नाव सांगत नाही. आणि मी तिथे पोचलो, मोबाइल घेऊन, संघटनेची दोन माणसं घेऊन! मी ओरडलो, शूटिंग केलं, पोलिसांची भीती घातली. पत्रक काढलं — शिकलेल्या बाईलाही अंगारा? नाव लिहिलं नाही, तेवढा मी सभ्य. फक्त लिहिलं: सौंसर, खासगी शाळेतली शिक्षिका, परीक्षेच्या ताणाने भ्रम, कपाळ स्वतःच्या हाताने भाजलेलं. सौंसरच्या बस स्टँडवर मी ते स्वतः वाटलं. तिच्या शाळेच्या फाटकावरही. ओळखणारे लोक म्हणाले, घरच्या माणसाबद्दल लिहायलासुद्धा हिंमत लागते. सुट्ट्यांनंतर शाळेने तिला येऊ नका म्हटलं.

ते माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक आहे. गटातल्या माझ्या नोंदीही अजून तिथेच आहेत. नवीन आलेल्यांना आधी माझ्याच वाचायला सांगतात.

मागच्या महिन्यात सौंसरला गेलो होतो. वनिताई आता भावाच्या बगीच्यात संत्री निवडते. मोठी एकीकडे, बारकी दुसरीकडे. मला बघून तिने बसायला क्रेट उलटा केला. घरचं विचारलं. संत्रं सोलून दिलं. मग आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाली, "पंकू, एक इचारू? खरं सांगशीन? मले सारं दिसते रे. थंडा स्पंज दिसते, तुया हातातलं बटण दिसते. मंग ज्या डॉक्टरले दाखवलं तो म्हनते, असं होते, मन रचते. तू म्हनशीन तेच मी मानीन. मशीन होती का?"

बघ, तिने मला दोषही दिला नव्हता. तिला फक्त स्वतःचं डोकं परत हवं होतं. माझ्या एका शब्दावर ते मिळणार होतं.

मी म्हणालो, "नाही, वनिताई. नव्हती."

तिने मान हलवली. बरं झालं विचारलं, म्हणाली, लय दिवसांपासून मनात होतं. आणि पुन्हा संत्री निवडायला लागली.

होती. मी बनवली होती. तिच्याच टेबलाशी बसवून, तिच्याच डोक्यावर, महिनाभर मी ती चालवली.