चिपाडाची वाटी
तांबड्या रश्श्याचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. शिवाजी पेठेतल्या एका हॉलमध्ये नवउद्योजकांना आधार देणाऱ्या मंडळाचा मेळावा होता. मी तेव्हा उसाच्या चिपाडापासून ताटं-वाट्या बनवायला नुकती सुरुवात केली होती. अध्यक्षांनी मला शाल-नारळ दिला आणि आपल्या पोरांचा माल आपणच घेतला पाहिजे, असं माईकवरून ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग पंगत बसली आणि माझ्यापुढं प्लॅस्टिकची वाटी आली. मी जाब विचारला, तर अध्यक्ष हसून म्हणाले, "आरं लेका, तुझ्या वाटीतनं रस्सा गळला तर पावण्यांच्या कापडांचा इस्कोट हुईल की!" मी पिशवीतली माझी वाटी काढली, तिच्यात कढत रस्सा काठोकाठ ओतला आणि त्यांनी घातलेल्या मांडीवर, पांढऱ्याशुभ्र विजारीवर ठेवली. म्हटलं, "आता बघा गळतोय का." पंगत उठेपर्यंत ते जागचे हलले नाहीत आणि वाटीतून थेंबही गळला नाही. आज मंडळाच्या भिंतीवर 'आपला उद्योजक' म्हणून माझा फोटो लटकतोय, आणि त्याच्याखाली बसून ही माणसं अजून प्लॅस्टिकच्याच वाट्यांतून रस्सा ओरपतात.