लाल तारखांचा वर्ग

अख्खं गाव त्यांना सुट्टीबाई म्हणायचं; बाईंनी सुट्टी घेतलेली मात्र कुणी पाहिली नव्हती.

इस्पितळाच्या मागे धुलाईखाना होता, आणि त्याच्या माडीवर एक लांबुळकी खोली. परमुलखातून तिथे कामाला आलेल्या बायांना इथली भाषा शिकवायचा वर्ग त्या खोलीत भरायचा, पाळी सुटल्यावर चार ते सहा. खालून वाफ वर यायची. खडू दमट होऊन फळ्यावर उमटेनासा व्हायचा.

पुस्तक नेमलेलं होतं. पहिला धडा, 'माझी बाग'. पहिल्याच वर्षी बाईंनी विचारलं, "बाग कुणाकुणाकडे आहे?"

"बाई, आमच्याकडे खिडकी पण नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी पुस्तक कपाटावर टाकलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. "लाल तारखेला दुकानं बंद असतात, हे कळतं ना? का बंद असतात, ते कळत नाही. चला, तेच शिकू."

तेव्हापासून प्रत्येक लाल तारखेच्या आधीचे पंधरा दिवस त्या सुट्टीचे. आधी लागणारे शब्द. मग प्रत्येकीने गावातलं एक म्हातारं माणूस गाठायचं आणि एकच विचारायचं: ही सुट्टी नव्हती, तेव्हा या तारखेला तुम्ही काय करत होता? जे ऐकलं ते दहा वाक्यांत वर्गाला सांगायचं. सगळी आखणी कॅलेंडरच्या पाठीमागे, पेन्सिलीने.

एकदा एक धुणेवाली रडकुंडीला आली. "नव्या वर्षाचं विचारलं, तर आजोबा म्हणतात, झोपलो होतो. दहा वाक्यं कुठून काढू?"

"का झोपले होते, ते विचार जा."

ती परत गेली आणि दहाच्या जागी तेवीस वाक्यं घेऊन आली. आजोबा रातपाळी करून पडले होते. वर्ष बदललं तरी गिरणीतली पाळी बदलत नसे.

सगळं सुरळीत होतं. अडलं ते नळदिवसापाशी. ही गावाची स्वतःची सुट्टी, खालच्या वस्तीत नळ आला त्या तारखेची. पुस्तकात लिहिलं होतं की गावच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी उदार मनाने नळ दिला. वर्गातली इस्त्रीवाली, तोंडाची फटकळ आणि मनगटांवर पोळल्याचे डाग, आपल्या घरमालकिणीच्या आईला विचारून आली. ती म्हातारी एके काळी वरच्या आळीला पाणी भरायची.

"आजी म्हणाली, उदार कसले? खाली नळ हवा म्हणून आम्ही बायांनी अकरा दिवस घागर उचलली नाही. वरच्या आळीत अंघोळीचे वांधे झाले, तेव्हा कुठे साहेबांचं मन मोठं झालं."

वर्ग खदखदून हसला, आणि नेमके त्याच वेळी शिक्षण खात्याचे तपासनीस दारात उभे राहिले.

"वार्षिक आराखडा बघू, बाई."

बाईंनी कॅलेंडर दिलं.

"हे काय?"

"आराखडा. पुढे तारखा, मागे धडे."

तपासनीसांनी पानं उलटली. नळदिवसापाशी बोट थांबलं. "हे अकरा दिवसांचं कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग आधार?"

"आधार तिसऱ्या गल्लीत राहतो. वय शहाऐंशी. ऐकायला कमी येतं, जरा मोठ्याने विचारा."

बायांनी तोंडाला पदर, रुमाल, जे हाताशी होतं ते लावलं. तपासनीस माणूस वाईट नव्हता. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "भावासारखा सांगतो. एवढं एक पान पुस्तकाप्रमाणे लिहा, मी सही करतो. बाकीच्या सुट्ट्या शिकवा हव्या तशा. पण सही नाही झाली, तर एक तारखेला खोलीला कुलूप. माझ्या हातात काही राहत नाही."

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. समोर एकोणीस बाया. या दोन तासांपलीकडे त्यांच्याशी कुणी कामाशिवाय बोलत नव्हतं.

इस्त्रीवालीच म्हणाली, "लिहून टाका हो बाई. खोली तरी राहील. आम्ही काय, ते पण पाठ करू."

बाईंनी तिचा पोळलेला हात धरून सगळ्यांसमोर वर केला. "उद्या पुस्तकात येईल, इस्पितळाने उदार मनाने हिला बांगड्या घातल्या. ते पण पाठ करशील?"

इस्त्रीवालीने मनगटांकडे पाहिलं. मान खाली घातली.

"साहेब, सही करू नका," बाई म्हणाल्या. "जागा कोरी ठेवा. पान मी बदलणार नाही."

घरी नवरा जेवता जेवता थांबला. "डोकं जागेवर आहे ना तुझं?"

"डोकं जागेवर आहे हो. खोली गेली."

एक तारखेला चार वाजता बाया जिना चढल्या. दाराला हे भलंमोठं कुलूप. बाई पायरीवर बसून होत्या, कॅलेंडर मांडीवर. तेवढ्यात इस्त्रीवालीने बाईंची पिशवी उचलली आणि तरातरा खाली उतरली, ती थेट घड्यांच्या टेबलापाशी. वाळलेल्या चादरींचा ढीग छातीएवढा होता.

"इथे वर्गबिर्ग चालणार नाही," मुकादम आडवा आला.

"वर्ग कुठे दिसतोय?" इस्त्रीवाली म्हणाली. "चादरींच्या घड्या करतोय. हात गुंतलेत, तोंड मोकळं आहे. तोंड बंद करायचा हुकूम असेल तर दाखवा."

घड्या तर पडत होत्या. मुकादम बिडी ओढायला निघून गेला.

दोघी दोघींनी चादर धरली. एका टोकाने प्रश्न यायचा, दुसऱ्या टोकाने उत्तर. उत्तर पुरं झालं की दोघी जवळ यायच्या, टोकाला टोक जुळवायच्या, पुढची चादर. चुकलं की बाई टेबलापलीकडून ओरडायच्या, "उलगड! पुन्हा!" वाक्य पण आणि चादर पण.

सहा वाजायला आले तेव्हा इस्त्रीवालीने कपड्यांवर खुणा करायची लाल पेन्सिल घेतली, खुंटीवर टांगलेल्या कॅलेंडरपाशी गेली आणि एक तारखेभोवती वर्तुळ काढलं.

"ही आपली तारीख. पुढच्या वर्षी कुणी विचारलं, या दिवशी तुम्ही काय करत होता, तर दहा वाक्यं मी सांगणार."

"आत्ता सांग," बाई म्हणाल्या.

ती सांगायला लागली. कुलपापासून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यात आपण स्वतः 'लिहून टाका' म्हणालो होतो, तेही तिने सांगितलं, आणि पुढे गेली.

"म्हणजे पुढच्या वर्षी या तारखेला सुट्टी का?" धुणेवालीने आशेने विचारलं.

"सुट्टी कसली?" इस्त्रीवाली म्हणाली. "तास आहे. धर ते टोक."