एका पायावर सेक्टर सहा

प्लांटातली चार माणसं एका मैदानात अनवाणी उभी केली की किस्से आपोआप जमतात. प्लांटच्या कॉलनीतल्या आमच्या सेक्टर सहाच्या योगवर्गाचे तर इतके जमले, की सांगायला बसलो की चहा दोनदा होतो.

वर्ग घ्यायचे देशकर मास्तर, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. वृक्षासन शिकवताना म्हणाले, "समोरची एक वस्तू पकडा, नजर हलवू नका." आम्ही सातही जणांनी प्लांटच्या चिमणीचा धूर पकडला. वारा फिरला आणि सातही माणसं एकाच बाजूला कलंडली!

*

मास्तर फायदे सांगायचे, पाय बळकट होतात, मन एका जागी येतं. आमचं कुठलं यायला! डोळे घड्याळावर, कान भोंग्याकडे. माझा एक पाय वर गेला की दुसरा सायकलकडे धावायचा.

मास्तर एकदा वैतागून म्हणाले, "तुम्ही झाडं नाही हो, बसस्टँड आहात."

*

उचललेल्या पायाचा तळवा गुडघ्यावर टेकवायचा नाही, मांडीला नाहीतर पोटरीला लावायचा, ही सक्त ताकीद.

"कावून जी?" मिलमधला फिटर मेश्राम.

"गुडघ्याला आडवा दाब सोसत नाही."

"म्हणजे बेअरिंगले साइड लोड नाई द्याचा. असं सांगा ना मंग."

तेव्हापासून आमच्या वर्गात गुडघ्याला बेअरिंगच म्हणतात.

*

वृक्षासनाची खरी गरज मात्र एकालाच होती. माझा शेजारी बोकडे, क्रेन ऑपरेटर. दोन महिने त्याला अधूनमधून चक्कर यायची, आणि हे फक्त त्याच्या बायकोला आणि मला माहीत होतं. प्लांटची मेडिकल तपासणी जवळ आली होती. अनफिट ठरला तर क्रेन सुटणार, स्टोअरमध्ये बसावं लागणार.

"वीस वर्सं वरून पाह्यलं. आता खाली बसून नट-बोल्ट वाटत राहू का?" असं म्हणत तो रोज मैदानाशेजारच्या शाळेच्या भिंतीजवळ एका पायावर उभा राहायचा. मला धास्ती वाटायची, तो नापास होईल याची आणि पास होईल याचीही.

मेडिकलला आम्ही दोघं सोबतच गेलो. डोळे, कान, बीपी, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "एक पैर पे खड़े हो जाओ." बोकडे असा उभा राहिला की मास्तरांनी बघायला हवं होतं. डॉक्टरांनी फिट लिहायला पेन उचललं, आणि सहज म्हणाले, "अब आँखें बंद करो."

"नहीं साहब," बोकडे तसाच ताठ उभा राहून म्हणाला, "हमारे मास्तर ने मना किया है. जिसको चक्कर आता है, उसने आँख बंद नहीं करना."